सावित्रीबाईंचं ओतूरचं पत्र : सातवी-आठवीच्या वर्गात १८७७ चा दुष्काळ कसा वाचायचा

इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळ तीन वाक्यांत उरकतो. पाऊस पडला नाही, पीक बुडालं, लाखो माणसं मेली. मुलं ते पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. पण पाऊस न पडणं आणि माणूस मरणं यांच्यामध्ये बाजारभाव असतो, मजुरी असते, सावकार असतो, सरकारी हुकूम असतो, आणि मदतीला धावलेली माणसंही असतात. हा मधला भाग मुलांना वाचता यायला हवा. त्यासाठी मराठीत माझ्या माहितीतला सर्वांत चांगला मजकूर म्हणजे सावित्रीबाई फुले यांनी २० एप्रिल १८७७ रोजी जुन्नर भागातल्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र.

मुलांना सावित्रीबाई ठाऊक असतात, पण ३ जानेवारीच्या भाषणापुरत्या. पहिली शाळा, अंगावर फेकलेलं शेण, संपलं. या पत्रातल्या सावित्रीबाई सेहेचाळीस वर्षांच्या आहेत, दुष्काळी मुलखात उतरून काम करताहेत आणि कलेक्टरशी बोलताहेत. मुलांना त्यांची ही ओळख नवी असते, म्हणून कान टवकारले जातात.

खालचा क्रम चार तासिकांचा आहे. सलग चार दिवस मिळाले तर उत्तम. मध्ये रविवार आला तरी बिघडत नाही, उलट घरी विचारायच्या प्रश्नांना वेळ मिळतो.

आधी शिक्षकानं स्वतः वाचायचं

पत्र महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापलेल्या सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात आहे. समाजमाध्यमांवर फिरणारे उतारे घेऊ नका, त्यांत शब्द बदललेले असतात. पत्र एकदा नुसतं वाचा, मग पेन्सिल घेऊन वाचा.

पत्राचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्या भागात जे दिसतंय ते सांगितलंय: १८७६ साल सरलं तरी दुष्काळ सरलेला नाही, जनावरं कोसळून मरताहेत, चारा नाही, ओढे-नद्या आटल्यात, जमिनीला भेगा पडल्यात, माणसं गाव सोडून चाललीत. यातच पोटची मुलं विकल्याचा आणि तहान भागवण्यासाठी माणसांनी काय काय प्यायलं याचा उल्लेख आहे. दुसऱ्या भागात माणसं काहीतरी करू लागतात. सत्यशोधकांनी, म्हणजे जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी, समित्या करून अन्न पोचवायला सुरुवात केली, सावकार अडलेल्यांना नाडताहेत, दंगे होताहेत, पन्नास सत्यशोधकांना पकडलं गेलं, सावित्रीबाईंनी कलेक्टरला जाब विचारला, त्यानं त्यांना सोडायला लावलं आणि चार बैलगाड्या ज्वारी पाठवली.

आता गाळायचं काय, हे ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: आठवीला पूर्ण पत्र द्या. सातवीला तहानेबद्दलचं ते एक वाक्य गाळलं तरी चालेल, मुलं विकल्याचं वाक्य मात्र ठेवा. गाळलेल्या जागी टिंबं द्या आणि मुलांना सांगा, ‘इथलं एक वाक्य मी काढलंय. ते फार त्रासाचं आहे. मोठे झाल्यावर वाचा.’ मुलांपासून काही लपवायचं असेल, तर लपवलं आहे हे तरी लपवू नये. पाचवी-सहावीला हे पत्र देऊ नका. त्यांना पुढे दिलेला छोटा उतारा आणि बैलगाड्यांचं गणित पुरेसं आहे.

तयारीचा दुसरा भाग म्हणजे आपला वर्ग. कुणाचे आई-वडील ऊसतोडीला जातात, कुणाच्या घरावर कर्जाचा डोंगर आहे, कुणाच्या घरात शेतकऱ्यानं जीव दिलाय, हे तुम्हाला ठाऊक हवं. ठाऊक नसेल तर आधीच्या वर्गशिक्षकांना विचारा. अशा मुलाला धड्याच्या आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगा की उद्या आपण दुष्काळाचं एक जुनं पत्र वाचणार आहोत, नको वाटलं तर ग्रंथालयात बसायला परवानगी आहे. बहुतेक मुलं वर्गातच थांबतात. पण वाट मोकळी आहे, हे त्यांना माहीत असायला हवं.

पहिली तासिका : शेतापासून चुलीपर्यंत

पत्र अजून काढायचं नाही. फळ्यावर डावीकडे ‘शेत’ लिहा, उजवीकडे ‘चूल’ लिहा आणि विचारा: ज्वारी इथून तिथे पोचेपर्यंत काय काय होतं? मुलं सांगत जातात: पेरणी, कापणी, खळं, बाजार समिती, व्यापारी, टेम्पो, किराणा दुकान, रेशन, गिरणी. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांना विचारा की त्यांच्याकडे ज्वारी कशाच्या जोरावर येते. उत्तर येतं: पैशांच्या. पैसे कुठून? मजुरीतून, पगारातून. ते फळ्यावर वेगळ्या रंगात लिहा. पुढच्या तिन्ही तासिका या रंगीत रेघेवर उभ्या आहेत.

इथे एक पथ्य कडक पाळायचं. ‘तुमच्यापैकी कोण कधी उपाशी झोपलंय?’ असं वर्गात विचारायचं नाही. ज्याला खरं उत्तर द्यायचं असतं तो देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडे दिवसभर सगळे वळून बघतात.

मग हा उतारा वाचून दाखवा. तो मी मुलांसाठी लिहिला आहे, सावित्रीबाईंचा नाही, हे मुलांनाही सांगा.

‘१८७६ साली दख्खनमध्ये पावसानं दगा दिला. पुणे, सोलापूर, नगर, सातारा, विजापूर या भागांत ज्वारी-बाजरी उगवली नाही, किंवा उगवून करपली. ज्यांचं शेत करपलं त्यांच्याकडे विकायला काही उरलं नाही. शेतात काम नाही म्हणून मजुरांची मजुरी गेली. बाजारात धान्य होतं, पण भाव रोज चढत होता. आगगाडी होती, पण व्यापारी धान्य तिकडेच नेत, जिकडे जास्त पैसे मिळत. धान्य जहाजांत भरून इंग्लंडला जाणंही थांबलं नाही. व्यापारात आपण हात घालायचा नाही, असं सरकारचं धोरण होतं. सरकारनं खडी फोडायची, रस्त्यांची, तलावांची कामं काढली. तिथे माणसांची रीघ लागली. १८७७ च्या सुरुवातीला सरकारनं त्या कामांवरची मजुरी कमी केली. मजुरांनी निषेध म्हणून कामं सोडली. ‘सार्वजनिक सभा’ या पुण्यातल्या संस्थेनं त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.’

वाचून झाल्यावर एकच काम द्या: फळ्यावरची शेत ते चूल ही वाट १८७६ साली कुठे कुठे तुटली, तिथे फुली मारा. पहिली फुली सगळेच शेतावर मारतात. दुसरी ‘मजुरी’वर मारणारा विद्यार्थी भेटला की तासिका सत्कारणी लागली असं समजा. कुणालाच सुचलं नाही तर सांगून टाकू नका, उतारा पुन्हा वाचायला लावा.

नकाशा शेवटच्या पाच मिनिटांत. ओतूर शोधायचं: पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला, जुन्नर तालुक्यात, कल्याण-नगर रस्त्यावर. आज ते कांद्यासाठी ओळखलं जातं, आसपास धरणं आहेत. तिथल्या भेगाळलेल्या जमिनीबद्दल उद्या वाचायचंय, एवढं सांगून सोडा.

दुसरी तासिका : पत्र

ही तासिका शक्यतो मधल्या सुट्टीनंतर, पोषण आहार झाल्यावर घ्या. भुकेल्या पोटी मुलांना हे ऐकवणं बरोबर नाही.

पहिलं वाचन शिक्षकाचं. सावकाश, आवाज न चढवता, न थांबता. कठीण शब्दांसाठी मध्ये थांबलात तर पत्र तुटतं. ‘सत्यशोधक’, ‘सावकार’ आणि ‘कलेक्टर’ हे तीन शब्द आधीच समजावून ठेवा, बाकीचे संदर्भातून कळतात. कलेक्टर हा तेव्हा इंग्रज होता, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण मुलांच्या डोळ्यांसमोर आजचे जिल्हाधिकारी असतात. भाषा जुन्या वळणाची आहे. ती सोपी करून देऊ नका. मुलं तिला सरावतात.

वाचून झालं की गप्प बसा. अर्धा-एक मिनिट वर्ग शांत राहतो. कुणी हसलं तर ओरडू नका. या वयात भीती हसण्यातून बाहेर येते. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न तर टाळाच. मुलांना कळतं की ‘वाईट वाटलं’ हे उत्तर अपेक्षित आहे, ते देतात, आणि विचार तिथेच थांबतो.

दुसरं वाचन मुलांचं, मनातल्या मनात, हातात पेन्सिल घेऊन. जे सावित्रीबाईंनी पाहिलं त्याखाली साधी रेघ. जे कुणीतरी केलं त्याखाली दुहेरी रेघ, आणि समासात करणाऱ्याचं नाव. पहिल्या भागात साध्या रेघांची गर्दी होते आणि दुसऱ्या भागात दुहेरी रेघांची. पत्र कुठे वळतं ते मुलांना स्वतःच्या वहीवर दिसतं. समासातल्या नावांची यादी फळ्यावर घ्या: सत्यशोधक, सावकार, गोरे पोलीस, कलेक्टर, सावित्रीबाई. मग विचारा, या यादीतल्या कुणी वेगळं वागायचं ठरवलं असतं तर काय बदललं असतं? पाऊस या यादीत नाही, हे कुणीतरी लक्षात आणून देतंच. नाही दिलं तर तुम्ही विचारा.

कलेक्टरवर थांबा. पत्रात सावित्रीबाई त्याच्याबद्दल चांगलं लिहितात. तो ऐकून घेतो, माणसं सोडतो, धान्य पाठवतो. मुलं लगेच ‘चांगला’ असा शिक्का मारतात. तो पुसू नका, पण पुढचा प्रश्न विचारा: सावित्रीबाई ओतूरला नसत्या तर या गाड्या आल्या असत्या का? शेजारच्या गावात कोण होतं? एखाद्या भल्या अधिकाऱ्यावर माणसांचं जगणं अवलंबून असावं का, हा प्रश्न सातवीची मुलं फार चांगला हाताळतात.

तिसरी तासिका : तराजू

या तासिकेला किराणा दुकानातला तराजू आणि दोन किलो ज्वारी लागते. जमत असेल तर गणिताच्या शिक्षकांना बरोबर घ्या.

सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या सूचनेनुसार सरकारी कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर जेमतेम एक आणा मिळू लागला. बायकांना आणि मुलांना त्याहून कमी. एक पौंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. एका विद्यार्थ्याला तेवढी ज्वारी तोलायला सांगा, एका स्टीलच्या ताटात ओता आणि ताट वर्गातून फिरवा. मुलांना आधी वाटतं, ‘पुष्कळ आहे की!’ वाटू द्या. भाकरी करणाऱ्या घरातल्या मुलींना-मुलांना विचारा किती भाकऱ्या होतील. पाच, सहा, सात अशी उत्तरं येतात. मग सांगा की हे एका जेवणाचं नाही, अख्ख्या दिवसाचं आहे. डाळ, भाजी, तेल, मीठ, जळण सगळं त्या एका आण्यात, तेही भाव कडाडलेले असताना. आणि काम खडी फोडायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, रणरणत्या उन्हात. एवढ्या ज्वारीतून साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी मिळतात. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला त्याच्या दुपटीहून जास्त लागतात. हे आकडे फळ्यावर मांडले की ‘पुष्कळ’ म्हणणारा मुलगा स्वतःच हिशेब पुन्हा करतो.

मुलांना ओळखीचं माप हवं असेल तर त्यांचाच पोषण आहार घ्या. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यासाठी एका वेळी १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो, डाळ-भाजी वेगळी. बाकावर बसून शिकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाचं ते एक वेळचं जेवण.

मग चार बैलगाड्या. एका गाडीत आठ क्विंटल ज्वारी धरू. हा अंदाज आहे, गावात बैलगाडी हाकलेलं कुणी असेल तर मुलांनी त्यांच्याकडून आकडा दुरुस्त करून आणावा. चार गाड्यांची झाली ३,२०० किलो. माणशी रोज ४५० ग्रॅमप्रमाणे ७,१११ माणसांचा एक दिवस, म्हणजे हजार वस्तीच्या गावाचा सुमारे सात दिवस. सात दिवसांनी काय? इथे वर्ग पुन्हा गप्प होतो, आणि ही शांतता पत्र वाचल्यानंतरच्या शांततेपेक्षा वेगळी असते, कारण आता मुलं मनात मोजत असतात.

सगळी ज्वारी परत पिशवीत भरायची, सांडलेला दाणाही उचलायचा, आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात द्यायची.

दोन गोष्टी मात्र करू नका. मुलांना एक वेळ उपाशी ठेवून ‘अनुभव’ देणं किंवा भुकेचा अभिनय करायला लावणं हा त्या माणसांचा आणि मुलांचाही अपमान आहे. आणि फोटो. इंटरनेटवर या दुष्काळाचे म्हणून जे फोटो येतात ते बहुतेक मद्रास इलाख्यातले, विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्यानं काढलेले. त्यातल्या माणसांची नावं कुणी नोंदवली नाहीत. मुलांच्या मनात ती हाडं राहतात आणि वाचलेला मजकूर पुसला जातो. पत्रातल्या शब्दांना काम करू द्या.

अवघड प्रश्न

हे प्रश्न कोणत्याही तासिकेत येतील, म्हणून उत्तरं आधी मनात तयार ठेवा.

‘बाई, आई-बाप स्वतःची मुलं कशी विकतील?’ हा प्रश्न येतोच. मी असं सांगते: मूल आपल्याजवळ राहिलं तर जगणार नाही, दुसऱ्याच्या घरी निदान दोन घास मिळतील, असं वाटावं अशी वेळ त्यांच्यावर आली होती. ज्यांनी त्या मुलांना विकत घेतलं त्यांच्याबद्दलही विचारा. आणि सत्यशोधक समाजानं दुष्काळात सापडलेल्या मुलांसाठी पुण्याजवळ धनकवडीला छावणी काढून त्यांना जेवू घातलं, हे याच उत्तराला जोडून सांगायचं.

‘सरकारकडे पैसे नव्हते का?’ याचं उत्तर तारखेनं द्या. १ जानेवारी १८७७ ला, दख्खनमध्ये माणसं खडी फोडत असताना, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. याला दुसरी एक गोष्ट जोडा, ती मला फार महत्त्वाची वाटते. तीनच वर्षांपूर्वी, १८७३-७४ साली, बिहारमध्ये दुष्काळ पडला तेव्हा याच टेंपलनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोकांना पुरवला होता आणि तिथे फारच थोडे मृत्यू झाले. त्याबद्दल शाबासकी मिळायच्या ऐवजी ‘फार खर्च केला’ अशी टीका झाली. नंतर दख्खनमध्ये ते हात आखडून वागले. माणसं वाचवता येतात, हे सरकारला ठाऊक होतं.

‘एकूण किती मेले?’ अंदाज वेगवेगळे आहेत, ५५ लाखांपासून ते ८० लाखांच्या पुढे जातात. दख्खनसह मद्रास, म्हैसूर, हैदराबादपर्यंतच्या मुलखाचे आहेत. आकडा एकदा सांगा, फळ्यावर लिहून ठेवू नका, आणि चाचणीत तर विचारूच नका.

चौथी तासिका : लिहिणं आणि घरच्यांना विचारणं

लेखनाला ‘मी दुष्काळग्रस्त बोलतोय’ असं आत्मवृत्त देऊ नका. त्याचा साचा मुलांना पाठ असतो, ‘हे देवा, किती रे परीक्षा पाहशील’ इथून सुरू होऊन अश्रूंवर संपतो, आणि चार दिवस वाचलेलं सगळं वाहून जातं. त्याऐवजी अर्ज लिहायला द्या. मे १८७७, ओतूरजवळचं एक गाव, कलेक्टरला अर्ज. अट एकच: प्रत्येक मागणीत आकडा हवा आणि कारण हवं. किती माणसं, किती दिवस, किती धान्य, मजुरी किती, आणि का. तराजूच्या तासिकेचे हिशेब इथे कामाला येतात. एका मुलीनं अर्जात मागितलं होतं की आई कामावर गेल्यावर तान्ह्या बाळाजवळ बसणाऱ्या म्हातारीलाही धान्य मिळावं, कारण तिच्याशिवाय आई कामावर जाऊच शकत नाही. मूल खरंच विचार करतंय, हे अशा मागणीतून कळतं. गुण द्यायचेच असतील तर कारणांना द्या, भाषेच्या फुलोऱ्याला नको.

घरचं काम महाराष्ट्रातल्या १९७२ च्या दुष्काळाचं. साठीच्या पुढच्या कुणालाही विचारायचं: आजी, आजोबा, शेजारच्या काकू, शाळेचे निवृत्त शिपाईमामा. प्रश्न साधे ठेवा. तेव्हा तुम्ही केवढे होतात? खडी फोडायला, बांधावर, तलावाच्या कामावर घरातलं कोण जायचं? सुकडी (दुष्काळी कामांवर वाटलेलं कोरडं पौष्टिक खाणं) कशी लागायची? लाल मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खाल्लीत का? मजुरी किती आणि कधी मिळायची? कुणी सांगायला नको म्हणालं तर मुलांनी हट्ट धरायचा नाही, हे आधी बजावा.

दुसऱ्या दिवशी मुलं उत्तरं घेऊन आली की फळ्यावर १८७७ आणि १९७२ शेजारी शेजारी मांडा. १९७२-७३ सालीही महाराष्ट्रात पिकं बुडाली होती, पण शंभर वर्षांपूर्वीसारखं मृत्यूचं थैमान झालं नाही. मे १९७३ मध्ये सरकारी दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हाल झाले, स्थलांतर झालं, अर्धपोटी राहावं लागलं, आजी ते सांगतीलच. पण पहिल्या तासिकेतल्या फळ्यावरची ती रंगीत रेघ, मजुरीची, या वेळी पुरती तुटली नाही. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या काळात राज्यभर पसरली आणि १९७७ साली विधिमंडळानं तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम मिळणं हा हक्क झाला. मुलांनी आपल्या अर्जात जे मागितलं, त्यातलं काय या कायद्यात आलं आणि काय राहिलं, हे त्यांनाच शोधू द्या.

शेवटी गावाचा नकाशा काढा आणि घरच्यांच्या सांगण्यावरून १९७२ च्या कामांतून झालेला रस्ता, नालाबांध, पाझर तलाव त्यावर दाखवा. प्रत्येकाशेजारी तिथे काम केलेल्या माणसाचं नाव लिहायचं, त्यांची परवानगी घेऊन. पुढच्या वर्षीचा वर्ग तोच नकाशा पुढे भरेल, म्हणून तो जाड कागदावर काढा आणि शाळेत जपून ठेवा.